तेरा नंबरचा चार्ज

कापूस वेचून घरी आलं की रुईचे तंतू अंगाला चिकटून येतात. धोतराला, पागोट्याला, मिशीलासुद्धा. झटकले तरी दोन-चार राहतातच. किश्शांचंही तसंच आहे. मी ते कधी गोळा केले नाहीत. तेवीस वर्षं एका जागी नोकरी केली, तेवढ्यात चिकटले. आता ओट्यावर बसलो की कोणीतरी म्हणतंच, "मुकादम, तो साहेबाचा सांगा ना!" कोणत्या साहेबाचा, ते मला विचारावं लागत नाही. सांगण्यासारखे साहेब दोनच. एक गेला तो आणि एक आला तो.

आमचं ठिकाण अमडापूरच्या रस्त्यावर होतं. पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव. युनिव्हर्सिटीची कापूस-संशोधनाची संस्था, असा त्याचा अर्थ. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणून हुकूम नागपूरहून यायचे. आम्ही सगळे त्या जागेला फारम म्हणायचो. साठ एकर काळी जमीन, बारा बैल, एक डायरेक्टर. मी मुकादम. शिक्षण चौथी. पेरणीपासून वेचणीपर्यंत जमिनीवर जे होई ते माझ्या हाताखाली. कागदावर जे होई ते हेडक्लार्क देशपांड्यांच्या हाताखाली. दोन्ही नेहमी जुळायचं असं नाही.

*

आधीचे डायरेक्टर डॉक्टर सबनीस. पुण्याचे, विलायतेत शिकून आलेले. डॉक्टर आला आहे हे ऐकून पहिल्याच आठवड्यात अमडापूरहून एक म्हातारा खोकला घेऊन आला.

साहेबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं, "आजोबा, मी माणसांचा डॉक्टर नाही. मी कापसाचा डॉक्टर."

म्हातारा उठला नाही. म्हणाला, "मंग पऱ्हाटीले जे देता, तेच द्या मले!"

*

कपाशीचं फूल सकाळी उमलतं. शुद्ध बी पाहिजे असेल तर उद्या उमलणारी कळी आज दुपारीच दोऱ्याने बांधायची. म्हणजे माशी आत शिरत नाही आणि दुसऱ्या झाडाचे पराग मिसळत नाहीत. हे काम बायांचं. त्यांची पुढारी सोनाबाई. हात चालू, तोंड त्याहून चालू.

साहेबांनी पहिल्या दिवशी सगळ्या बायांना ओळीत उभं करून कळी बांधून दाखवली. सोनाबाईने विचारलं, "साहेब, फुलाले असं कोंडून ठेवलं, मंग बोंड कसं धरीन?"

"धरतं. त्याच्या आतच सगळं असतं. बाहेरून कोणी यायची गरज नाही."

सोनाबाई मागे वळून बायांना म्हणाली, "आयकलं का व? मंग आपल्याले नवरे कायले करून देले!"

साहेब टोपी सारखी करत ऑफिसात निघून गेले. त्या दिवसापासून कळ्या बांधायचं मी शिकवायचो.

*

फारमच्या उत्तरेला जमिनीचा एक तुकडा मर लागलेला होता. मर म्हणजे काय, ते कापूसवाल्याला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. आज झाड हिरवंगार उभं, उद्या मान टाकलेली, परवा काडी. त्या तुकड्यात आम्ही ज्वारीच घ्यायचो. सबनीस साहेबांनी मुद्दाम तिथे कापूस पेरायला लावला. मी म्हटलं, "साहेब, सगळा मरेल."

साहेब म्हणाले, "मरू द्या. जो मरणार नाही, त्याचंच बी मला पाहिजे."

पहिल्या वर्षी नऊ झाडं वाचली. दुसऱ्या वर्षी त्या नऊंच्या बियातून तीसेक. असं सात वर्षं. ते बी मी पेरलं, मी डवरलं, मी राखलं. रजिस्टरात त्याचा नंबर तेरा होता. आम्ही त्याला तेराच म्हणायचो.

वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडे बाया सीतादही करतात. शेतातलं सगळ्यांत चांगलं झाड निवडायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग कापसाला हात लावायचा. सहाव्या वर्षी साहेबांनी तीन महिने एकेक झाड टेपने मोजलं, बोंडं तोलली, पानं मोजली. शेवटी एक झाड निवडलं आणि त्याच्या बुडाशी लाल दोरा बांधून माती ओढली. कोणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही.

सीतादहीच्या दिवशी सोनाबाई ताट घेऊन तेरामध्ये शिरली. एक चक्कर मारली आणि एका झाडापुढे बसली. साहेब घाईघाईने गेले, वाकले, माती उकरली. लाल दोरा!

"सोनाबाई, हेच झाड कसं निवडलंस?"

"पाह्यलं न निवडलं." मग तिने साहेबांच्या हातातल्या टेपकडे पाहिलं. "तुमाले तीन महिने काऊन लागले जी?"

*

मग सबनीस साहेबांची बदली आली. बढती होती. दिल्लीकडे मोठी जागा. लोक पेढे मागायला गेले तेव्हा साहेब तेरामध्ये उकिडवे बसले होते. मला म्हणाले, "मुकादम, अजून दोन हंगाम पाहिजे होते हो."

नवे डायरेक्टर डॉक्टर इनामदार आठवडाभर आधीच हजर झाले. वय पस्तिशीच्या आत. पायात बूट, खिशात दोन पेनं. येताना स्वतःचं एक बी घेऊन आले होते. पाच वर्षं खपून तयार केलेलं. टिनच्या डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली जानव्याला.

चार्ज घ्यायला दोन दिवस लागले. देशपांड्यांनी चौदा पानांची यादी केली होती. लाइव्ह स्टॉक म्हणजे बैल-गाय, डेड स्टॉक म्हणजे खुर्च्या-टेबलं. गफूर चपराशी यादी धरून उभा होता. त्याने विचारलं, "देशपांडे साहेब, मी कोन्या यादीत हावो?"

देशपांडे मान वर न करता म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाइव्ह. नंतर डेड."

सगळं मोजून झालं. शेवटच्या पानाच्या तळाशी सबनीस साहेबांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती: "तेरा नंबर — मुकादमाकडे."

इनामदार साहेबांनी ती दोनदा वाचली. "हे नियमात बसत नाही. बी डायरेक्टरच्या ताब्यात असतं."

सबनीस साहेब म्हणाले, "बी तुमच्याच ताब्यात राहील. चार्ज मुकादमाचा."

इनामदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कागद पुढे सरकवला. देशपांड्यांनी सवयीने अंगठ्याचं शाईचं पॅड उघडलं.

मी म्हटलं, "ते बंद करा. दौत द्या."

सही केली. पूर्ण नावाची. एक थेंब सांडला नाही.

*

निरोपाला चिखलीहून बडी मंडळी आली होती. मांडव, खुर्च्या, चहा, सगळं होतं. हार नव्हता. हार आणायचं काम गफूरचं होतं आणि गफूरला ते त्या दिवशी सकाळी आठवलं. फारमवर फुलझाड एक नाही.

बरोबर चार वाजता सोनाबाई हार घेऊन आली. पिवळाधमक, मनगटाएवढा जाड. साहेबांच्या गळ्यात पडला, टाळ्या झाल्या. साहेबांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. हार कपाशीच्या फुलांचा होता!

एक फूल म्हणजे एक बोंड. साहेब हार हाताने धरून मोजायला लागले. "सोनाबाई, ही कुठून तोडली?"

"कडेच्या ओळीतून. जे तुमी तोलत नाही ते."

"तेरातली?"

"तेराले हात लावाले मी येडी हाय का?"

साहेबांचा विश्वास बसला नाही. पाहुणे खुर्च्यांवर, चहा कपांत, आणि साहेब गळ्यात हार घेऊन उत्तरेकडे निघाले. मागून मी. माझ्यामागून इनामदार साहेब. साहेबांनी तेराची एकेक ओळ पाहिली. अर्धा-पाऊण तास गेला. हारातली फुलं पिवळी होती ती कडेने लाल व्हायला लागली होती.

परत मांडवात आल्यावर अध्यक्षांनी विनंती केली, "डॉक्टरसाहेब, दोन शब्द बोला."

साहेब उभे राहिले. म्हणाले, "एकही तोडलेलं नाही!"

आणि खाली बसले. तेवढंच भाषण.

शेगाव स्टेशनावर गाडीत बसताना त्यांनी मला खिडकीजवळ बोलावलं. "मुकादम, ते टिकलं पाहिजे."

मी म्हटलं, "टिकवतो."

*

इनामदार साहेबांनी पहिल्याच सोमवारी एकेकाला ऑफिसात बोलावून माहिती लिहून घेतली.

"शिक्षण?"

"चौथी."

"अनुभव?"

"कापसातला? तुमच्या वयाइतका."

त्यांनी लिहून घेतलं. हसले नाहीत. मीही हसलो नाही. तिथून आमचं जमायला लागलं असावं, पण तेव्हा कळलं नाही.

*

साहेबांच्या सामानात एक लोखंडी पेटी होती. दोन माणसांनी उचलून आणली. उघडली तर आत काळं यंत्र, बाजूला हँडल. गफूरने बघितलं आणि सगळ्या फारमला सांगून आला, "साहेबानं बाजा आनला!"

जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या बंगल्याच्या पडवीत वीसेक माणसं येऊन बसली. बाया पोरांना घेऊन आल्या. साहेबांना वाटलं, नव्या डायरेक्टरला भेटायला आले. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि आपल्या कामाला लागले. हँडल फिरवलं. खर्र. परत फिरवलं. खर्र खर्र.

लोक बसले होते. बराच वेळ बसले होते. शेवटी गफूरने हात जोडून विचारलं, "साहेब, गानं कधी सुरू होते?"

ते आकडेमोडीचं यंत्र होतं. त्या दिवसापासून दुपारी बारा ते दोन बंगल्यातून खर्र खर्र ऐकू यायचं. आम्हाला त्याचा एक फायदा झाला, तो पुढे सांगतो.

*

उन्हाळ्यात साहेबांनी सगळ्यांना जमवून नवा हुकूम सांगितला. फारमवर जुन्या जाती फार झाल्या. सहा ठेवायच्या, बाकी बंद. त्या सहांची परीक्षा घ्यायची, तीही मर लागलेल्या जमिनीत. जी जात टिकेल आणि पिकेल ती पुढच्या वर्षी वाढवायची. जी टिकणार नाही तिचं बी सरकी म्हणून बैलांपुढे जाईल.

"तेरा?" मी विचारलं.

"सहांत आहे."

"तुमचं?"

"तेही सहांत आहे. नियम सगळ्यांना सारखा."

जमिनीचे चोवीस तुकडे पाडले. प्रत्येक जातीला चार. कोणती जात कोणत्या तुकड्यात पेरायची, हे मी सांगणार होतो. तेवढी जमीन मी ओळखतो. पण साहेबांनी गफूरची टोपी मागितली, तिच्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि हलवल्या.

मी तेवीस वर्षांत तेव्हा एकदाच साहेबासमोर खुर्चीवर न विचारता बसलो.

सोनाबाई म्हणाली, "साहेब, विलायतेत सूनबी अशीच पाह्यतात का? टोपीतून?"

साहेब शांतपणे म्हणाले, "माणूस जागा निवडतो तेव्हा लाडक्याला चांगली जागा देतो. चिठ्ठीला लाडका-दोडका कळत नाही."

त्याहून वाईट पुढेच होतं. जातींची नावं त्यांनी काढून टाकली. पाट्यांवर नुसती अक्षरं. क, ख, ग, घ, च, छ. कोणतं अक्षर म्हणजे कोणती जात, ते एका लिफाफ्यात लिहून लिफाफा लाखेने बंद केला आणि तिजोरीत ठेवला.

मी विचारलं, "आमच्यावर विश्वास नाही?"

"माझ्यावरच नाही," साहेब म्हणाले. "नाव माहीत असलं की हात झुकतो. मीसुद्धा लिफाफा बघणार नाही. बी पिशव्यांत भरलं की अक्षरं विसरून जाईन."

मी मनात म्हटलं, बी माझ्या हातून पेरलं जाणार आहे. सात वर्षं ज्याला हाताळलं, ते तळहातावर घेतलं की कळेल.

पेरणीच्या दिवशी पिशव्या उघडल्या. सरकीला आम्ही शेण-माती चोळून पेरतो, म्हणजे लव बसते आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. ते काम माझं. पण त्या वर्षी साहेबांनी आदल्या दिवशी बंगल्यामागे बसून सहाही जातींना स्वतःच शेण चोळलं होतं! गफूर म्हणाला, कोपरापर्यंत हात भरले होते. सहाही पिशव्यांतला दाणा दिसायला सारखा. शेणाच्या रंगाचा.

तरी मी एकेक पिशवीत हात घातला. ग पिशवीतला दाणा घेतला, चोळला, अंगठ्याने दाबला. खात्री पटली. हाच तेरा.

तीन जणांना सांगितलं. गफूर, देशपांडे आणि सोनाबाई. गफूरने दुवा मागायला हात वर केले. देशपांड्यांनी मान हलवली. सोनाबाई म्हणाली, "हो का? बरं."

*

जुलैत एके दिवशी दुपारी बंगल्यातून खर्र खर्र सुरू झालं. यंत्र वाजतं आहे म्हणजे साहेब आत आहेत. मी शेणखताची टोपली खांद्यावर घेतली आणि ग पाटीच्या तुकड्याकडे निघालो. नियमाविरुद्ध आहे, हे मला माहीत होतं. पण चार्ज सही करून घेतला होता.

तिथे गफूर उभा. हातात दोन बादल्या पाणी.

"गफूर, पाणी कायले?"

"हात धुवाले, मुकादम साहेब."

"दोन बादल्या?"

"हात लय मळले जी."

एवढ्यात बांधावरून छत्री आली. छत्रीखाली हेडक्लार्क देशपांडे. पावसाळ्यात ते ऑफिसची पायरी कधी उतरले नव्हते. बगलेत टपालाची पिशवी. पिशवीच्या कोपऱ्यातून खताला घालतात त्या एरंडीच्या ढेपेचा चुरा गळत होता.

"देशपांडे, तुम्ही इकडे?"

"हवा खायला आलो."

मला कोणी काही विचारलं नाही. मी मुकादम होतो.

त्यानंतर आम्ही वार वाटून घेतले.

*

ऑगस्टात ग चे चारही तुकडे बघण्यासारखे झाले. छातीइतकी झाडं, तळहाताएवढी पानं. शेजारी छ ची झाडं कमरेला लागत नव्हती. इनामदार साहेब रोज फेरी मारायचे, ग पाशी थांबायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि पुढे जायचे. एकदा त्यांनी वाकून माती हातात घेतली, हुंगली आणि टाकून दिली.

मी बोंडं शोधत होतो. पान उचललं की पान. बोंड नाही.

सप्टेंबरात पाऊस उघडला आणि ग ला मर लागली. सोमवारी चार झाडं, बुधवारी ओळच्या ओळ. शनिवारपर्यंत चारही तुकडे माना टाकून उभे. ज्याला सात वर्षं मर शिवली नाही, तो तेरा माझ्या टोपलीने मारला. तिसऱ्या दिवशी सबनीस साहेबांना पोस्टकार्ड लिहिलं. "तेरा माजला. मर लागली. चूक माझी. सांगायची ती सजा सांगावी."

उलट टपाली उत्तर आलं. एकच ओळ. "मुकादम, तेराला मर लागत नाही. झाड पुन्हा ओळखा."

मला राग आला. दिल्लीत बसून हे मला झाड ओळखायला सांगतात! कार्ड पागोट्यात खोचलं आणि कोणाला दाखवलं नाही.

*

सीतादहीचा दिवस उजाडला. इनामदार साहेबांनी सांगितलं होतं की वेचणीआधी लिफाफा सगळ्यांसमोर फोडायचा. म्हणून ते लिफाफा घेऊन बांधावरच उभे होते. मागे देशपांडे वही घेऊन, गफूर छत्री घेऊन. मी जरा लांब. बैलांना सरकी कोणत्या दिवशी पडेल, एवढंच डोक्यात होतं.

सोनाबाई ताट घेऊन निघाली. ग च्या सुकलेल्या काड्यांपाशी थांबलीसुद्धा नाही. क ओलांडला, घ ओलांडला आणि छ मध्ये शिरली. कमरेएवढी झाडं, पण बोंडं अशी फुटलेली की ओळ पांढरी दिसत होती. एका झाडापुढे तिने ताट ठेवलं.

माझ्याने राहवलं नाही. ओरडलो, "सोनाबाई! सात वर्षं तेराची पूजा केली, न आज त्याच्याकडे पाठ?"

ती कुंकू लावता लावता म्हणाली, "पाठ कुठी केली, दादा? हेच त होय."

"हा छ आहे!"

"असन. मले वाचता कुठी येते?"

इनामदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि लाख फोडली. कागद उघडला. खालून वर वाचायला सुरुवात केली.

"छ. तेरा नंबर."

गफूरच्या हातून छत्री पडली. देशपांड्यांनी ती उचलली आणि ऊन नसताना उघडली. साहेब पुढे म्हणाले, "चोवीस तुकड्यांत मर न लागलेले चारच. चारही छ चे. पुढच्या वर्षी तेरा दोन एकरांत पेरायचा. मुकादम, तुमचा चार्ज चालू राहील."

मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. पागोट्यातलं कार्ड टोचत होतं, एवढं लिहितो.

साहेबांनी कागदावर बोट वर सरकवलं. च वाचला. घ वाचला. ग पाशी आले आणि थांबले. मग हात आपसूक जानव्याच्या किल्लीकडे गेला.

"ग," साहेब म्हणाले, "माझा आहे."

देशपांड्यांनी वही मिटली.

साहेबांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि एकेकाकडे बघत विचारलं, "बाकीच्या वीस तुकड्यांची जमीन कोरडी आहे. माझ्याच चार तुकड्यांत शेणखत आहे, ढेप आहे आणि पावसाने उघडीप दिली तरी ओल आहे. हे कोणी केलं?"

देशपांडे छत्रीखाली गेले. गफूर स्वतःच्या पायांकडे बघू लागला.

सोनाबाई पदराला हात पुसत उठली. म्हणाली, "साहेब, तुमी नवे. तुमाले कोनं सांगतलं नसन. पन हे समदे लोक तुमच्यावर लय जीव लावतात जी!"

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

मी हात पाठीमागे घेतले.